सात नंबरचा खड्डा

इस्पितळाच्या वायरमनला आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नसे. घरात नवी इस्त्री आली, तर ती तापते कशी हे बघायच्या आधी तो चष्मा लावून तिच्या मागची पट्टी वाचायचा आणि म्हणायचा, "साडेसातशे वॅट. म्हणजे सव्वातीन अँपिअर खाणार. म्हणजे कॉइल सत्तर ओहमची." बायको होती तेव्हा ती म्हणायची, "सुरकुत्या जातात का तेवढं सांगा. ओहम तुमचे तुमच्यापाशी ठेवा."

बायको गेल्यावर घरात ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. मुलगा ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि घरी असला की झोपलेला. मग मुलाचं लग्न झालं, सून घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "बाबा, ते सत्तर कुठून आले?"

वायरमनला तो दिवस नीट आठवत होता. त्याने भाजीच्या पिशवीचा कागद सरळ केला आणि त्यावर लिहून दाखवलं. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे ओहम. व्होल्टेजला करंटने गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट. "बाकी सगळी वीज या दोन ओळींत मावते," तो म्हणाला. "उरलेलं नुसतं पान्हे-पकडीचं काम."

तिने डोक्यावरच्या बल्बकडे बघितलं. ओठ हलले, बोटं हलली. "चाळीस वॅटचा बल्ब म्हणजे तेराशेच्या वर ओहम? एवढुसा बल्ब आणि एवढा मोठा रोध?"

"एवढुसा आहे म्हणूनच. जो कमी खातो तो जास्त अडवतो."

"म्हणजे तुमच्यासारखा," ती म्हणाली. त्याच्या जेवणावरून तिची रोजची कटकट असायची. तो हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

दहावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं, पण आकड्यांची तिला भीती नव्हती. वायरमनने साहेबांकडे शब्द टाकला आणि तिला इस्पितळाच्या लाँड्रीत लावून घेतलं. साहेब म्हणजे देखभाल खात्याचे इंजिनिअर. लाँड्री तळघरात होती. तीन मोठी धुलाई यंत्रं, सहा बायका, आणि त्यांच्यावर एक मुकादमबाई. वरच्या मजल्यांवरून चादरींची गाठोडी यायची. कुठल्या वॉर्डाच्या किती, फाटक्या किती, परत किती, हे सगळं सून तोंडपाठ सांगायची, म्हणून बायकांनी तिचं नाव हिशेबनीस ठेवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. मुकादमबाई तर हजेरीतही तेच हाकारायची.

संध्याकाळी जेवणं आटोपली की सासरा आणि सून टेबलाशी बसायचे. वायरमनच्या परवान्याची परीक्षा द्यायची असं तिने ठरवलं होतं. इस्पितळात आजवर एकही बाई वायरमन झाली नव्हती. "तुम्ही दोन वर्षांनी निवृत्त होणार," ती म्हणायची. "तुमची पक्कड मीच घेणार. ती लाल मुठीची. आत्ताच सांगून ठेवते." तो वरवर म्हणायचा, बघू, बघू. मनातून त्याने पक्कड कधीच देऊन टाकली होती.

लाँड्रीतलं दोन नंबरचं यंत्र करंट मारायचं. जोरात नाही. ओल्या हाताने झाकण उघडलं की बोटांना झिणझिण्या यायच्या, बस. पाणी तापवणारा हीटर जुना झाला होता, त्याच्या आतून थोडी वीज पत्र्यात झिरपत होती. वायरमनने दोनदा कागद पाठवला. नवा हीटर येईल, असं उत्तर आलं. तोवर मुकादमबाईने आपल्या अकलेने एक लाकडी फळी आणून यंत्रापुढे टाकली. फळीवर उभं राहिलं की झिणझिण्या येत नसत. पण फळी ओली होऊन शेवाळायची. एक बाई तीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

आता खड्ड्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला पळून जायला वाट लागते. त्यासाठी पत्र्याला जाड तार जोडून ती जमिनीत खोल पुरलेल्या नळीपर्यंत नेतात. नळीभोवती मीठ आणि कोळसा भरतात. हाच अर्थिंगचा खड्डा. जमिनीने वीज सहज घेतली, तर एकदम एवढा करंट धावतो की फ्यूज जळतो, यंत्र बंद पडतं आणि माणूस वाचतो. जमिनीने अडवलं, तर करंट थोडाच जातो, फ्यूजला पत्ताही लागत नाही, आणि पत्रा तसाच जिवंत राहतो. इस्पितळात असे नऊ खड्डे होते. लाँड्रीचा सातवा. मागच्या अंगणात, जिथे रुग्णवाहिका उभ्या राहायच्या, तिथे फरशीत एक लोखंडी झाकण होतं, त्याच्याखाली.

दरवर्षी प्रत्येक खड्ड्याचा रोध मोजून रजिस्टरात लिहायचं काम वायरमनचं. खड्ड्यात मोजून करंट सोडायचा, किती व्होल्ट चढले ते बघायचं, आणि भागायचं. पाचाच्या आत आलं तर उत्तम. सात नंबरचा खड्डा आदल्या वर्षी एकवीस आला होता. वायरमनने एकवीस लिहून पुढे लाल शाईने 'दुरुस्ती करावी' असा शेरा मारला होता. दुरुस्ती झाली नाही. यंदा त्याने दोन अँपिअर सोडले आणि काटा ब्याण्णव व्होल्टवर गेला. ब्याण्णव भागिले दोन. शेहेचाळीस.

रजिस्टर घेऊन तो साहेबांकडे गेला. सरकारी निरीक्षकाची पाहणी चार दिवसांवर आली होती.

"शेहेचाळीस?" साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी बंद पडलेली लिफ्ट, गळणारं शस्त्रक्रियागृह आणि ऑक्सिजनची पाइपलाइन अशा तीन फायली होत्या. "अंगण उकरायचं म्हणजे आठ दिवस रुग्णवाहिका रस्त्यावर. आत्ता कसं जमणार? पावसाळा संपला की करू. तोवर..." त्यांनी पेन्सिलीचं टोक आकड्यावर टेकवलं. "इथे एक टिंब द्या ना."

"साहेब, ते बरोबर नाही."

"मलाही कळतं हो. चार महिन्यांचा प्रश्न आहे. तुम्ही अधूनमधून पाणी ओता त्यात, खाली येईल आकडा. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणकार."

सहा महिन्यांपूर्वी याच साहेबांनी सुनेला लावून घेतलं होतं. असं काही त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि वायरमनच्याही मनात ते शब्दांत आलं नाही. पण ते होतं. त्याने खिशातलं पेन काढलं आणि चार व सहाच्या मध्ये टिंब दिलं. चार पॉइंट सहा. खाली सही केली. पाहणी सुरळीत पार पडली. निरीक्षकाने रजिस्टर उलटलं, मान डोलावली आणि चहा घेतला.

पुढचे पाच रविवार वायरमनने खड्ड्यात बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. सहाव्या रविवारी त्याचा गुडघा सुजला होता. सातव्या रविवारी तो विसरला. त्यानंतर विसरला असंही म्हणता येणार नाही, कारण त्या अंगणातून जाताना तो दुसरीकडे बघायला लागला होता.

परीक्षेला महिना उरला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, पुस्तकातली उदाहरणं पाठ झाली. खरी दाखवा ना." मग एका संध्याकाळी त्याने रजिस्टर घरी आणलं. ती मोठ्या कौतुकाने पानं उलटत होती. सासऱ्याचं तीस वर्षांचं अक्षर. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

"सात नंबर. गेल्या वर्षी एकवीस, यंदा चार पॉइंट सहा. खड्डा नवीन केला का?"

तो पाणी पीत होता. त्याने पेला खाली ठेवला. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. स्वयंपाकघरात दोघंच होती, आणि ती त्याला काही म्हणणार नव्हती. फार तर रुसली असती.

"हो," तो म्हणाला. "मीठ-कोळसा बदलला."

"मग बघा." ती लगेच मांडायला लागली. "दोनशे तीस भागिले चार पॉइंट सहा. पन्नास! बरोब्बर पन्नास अँपिअर. आणि आमच्या यंत्राचा फ्यूज वीसचा. म्हणजे पत्र्यात पूर्ण वीज उतरली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत फ्यूज उडणार. हो ना?"

"हो," तो म्हणाला. हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी तिने लाँड्रीत सगळ्या बायकांना जमवून तो समजावला. ज्या बाईचं मनगट मोडलं होतं ती प्लास्टरचा हात घेऊन तिथेच चादरींच्या घड्या मोजत बसली होती. हिशेबनीस म्हणाली, फळीची काही गरज नाही, फळीनेच हात-पाय मोडतील. झिणझिण्या येतील तेवढ्या सोसा, जिवाला धोका नाही, मी आकडा डोळ्यांनी बघितलाय. मुकादमबाईला हिशेब कळला नाही, पण हिशेबनीसचा आकडा कधी चुकला नव्हता. फळी उचलून भिंतीशी उभी केली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, दोन नंबरच्या यंत्राचा हीटर आतून तुटला आणि तुटलेलं टोक पत्र्याला चिकटलं. वायरमन तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पंख्याचं काम करत होता. मुकादमबाई जिन्यातून ओरडत आली. "खाली... करंट... हिशेबनीस..." तो शिडीवरून उतरला की पडला ते त्याला नंतर आठवलं नाही. त्याने तळघरात जाऊन आधी मेन स्विच पाडला. फ्यूज शाबूत होता. सून यंत्राशी गुडघ्यांवर टेकली होती, एक हात झाकणाच्या मुठीवर, आणि बाकीच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एकीने तिला ओढायला हात घातला होता, तिलाही झटका बसून ती लांब फेकली गेली होती.

इस्पितळच ते. चार मिनिटांत डॉक्टर आले. पाऊण तास प्रयत्न केले. मग त्यातला एक तरुण डॉक्टर उठला आणि वायरमनच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

दुपारी लाँड्रीला कुलूप लागायच्या आधी वायरमन एकटा खाली गेला. कशाला गेला, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याने मीटर लावलं, अर्थिंगच्या तारेभोवती करंट मोजायचा चिमटा अडकवला, लाकडी फळीवर उभा राहिला आणि अर्धं मिनिट मेन चालू केला. पत्र्यावर दोनशे पंचवीस व्होल्ट. तारेतून चार पॉइंट नऊ अँपिअर. भागाकार त्याने केला नाही, तो आपोआप झाला. शेहेचाळीस. त्या वीसच्या फ्यूजने जन्मभर वाट बघितली असती.

आणि मग डोकं थांबेना. ओलं अंग म्हणजे दीड हजार ओहम धरू. दोनशे पंचवीस भागिले दीड हजार. पॉइंट पंधरा अँपिअर. जीव जायला पॉइंट शून्य तीनही पुरतो. आता गुणाकार. दोनशे पंचवीस गुणिले पॉइंट पंधरा. चौतीस वॅट. स्वयंपाकघरातला बल्ब चाळीसचा. तो बल्ब पेटायला जेवढी वीज लागते तेवढीही लागली नव्हती. तो फळीवर खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं, पण आकडे आतल्या आत चालूच राहिले.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. ट्रक अर्ध्या वाटेत दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात देऊन तो मिळेल त्या गाडीने आला होता. अंत्यविधी झाला. लोक आले, बसले, गेले. तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र टेबलावर होतं, त्यावर तिचा फोटो होता. ते मुलाने उचलून पाकिटात घातलं.

चौथ्या दिवशी निरीक्षक पाहणीला आला. त्या सकाळी वायरमन अंगणातून गेला तेव्हा त्याला दिसलं, सात नंबरच्या झाकणाभोवतीची फरशी काळी ओली होती, आणि माळ्याची रबरी नळी गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. फटीत मिठाचे पांढरे खडे होते. निरीक्षकाने मोजलं. पाच पॉइंट दोन. "जरा वर आहे, पण चालण्यासारखं आहे," तो म्हणाला. साहेब त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी वायरमनकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली.

आठवड्याने अहवाल आला. हीटर सदोष होता. अर्थिंग समाधानकारक होतं. कामगार महिला सूचना डावलून फळीविना, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी होती, आणि तिने इतरांनाही फळी काढायला लावली होती. अपघात निष्काळजीपणामुळे.

तो कागद घेऊन मुलगा आधी लाँड्रीत गेला आणि मग घरी आला. वायरमन टेबलाशी बसला होता.

"मुकादमबाईला भेटलो," मुलगा म्हणाला. "ती म्हणते, फळी हिनेच काढायला लावली. हे खरं आहे?"

"हो."

"बाबा, ती असं का करेल? ती रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. दोन्हीकडे चार-चार वेळा बघायची."

वायरमन टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"बायका म्हणतात, तिने कुठलासा आकडा बघितला होता. कुठे बघितला? तुम्ही दाखवलात?"

"रजिस्टरात होता."

"मग आकडा बरोबर होता की चूक?"

वायरमनने शेजारचा कागद ओढला. पेन उचललं. शेहेचाळीस लिहिलं, मुलाकडे फिरवून धरलं, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत चार आणि सहाच्या मध्ये टिंब दिलं. "असं केलं," तो म्हणाला. "मी केलं. साहेबांनी सांगितलं, पण हात माझा होता. आणि तिने मला विचारलं होतं. इथेच बसून विचारलं. मी पाणी पीत होतो. पेला ठेवला आणि खोटं सांगितलं."

मुलाने कागद जवळ ओढून त्या टिंबावर बोट ठेवलं. तो कधी या टेबलाशी शिकायला बसला नव्हता.

"यानं काय फरक पडतो?" त्याने विचारलं. "मला समजेल असं सांगा."

मग वायरमनने त्याला ते गणित शिकवलं. सुनेला शिकवलं होतं तसंच, त्याच क्रमाने. दोनशे तीस भागिले चार पॉइंट सहा, पन्नास, फ्यूज उडतो. दोनशे तीस भागिले शेहेचाळीस, पाच, फ्यूज उडत नाही. मुलाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे तिचं गणित बरोबर होतं," मुलगा म्हणाला.

"तिचं बरोबरच होतं."

"आणि या कागदात लिहिलंय, निष्काळजी." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर वायरमनला सोसणं सोपं गेलं असतं. "बाबा, मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. तुम्ही फक्त हे लिहून द्या. जिथे द्यायचं तिथे द्या. तिच्या नावावरचा डाग तेवढा पुसून काढा."

वायरमन दुसऱ्याच दिवशी निरीक्षकाच्या कचेरीत गेला. दोन पानी जबाब त्याने रात्रभर डोक्यात रचून सकाळी लिहिला होता. ब्याण्णव व्होल्ट, दोन अँपिअर, भागाकार, टिंब, साहेबांचं म्हणणं, ओली फरशी, मिठाचे खडे, सगळं. निरीक्षकाने शांतपणे वाचलं. तो दमलेला, सभ्य माणूस होता.

"रजिस्टरात सही कुणाची?"

"माझी."

"साहेबांची आहे कुठे?"

"नाही."

"शेहेचाळीसचा काही लेखी पुरावा? तुमची वही, चिठ्ठी?"

"त्याच आकड्यावर टिंब दिलं ना. तोच पुरावा."

"आणि मी मोजलं तेव्हा पाच पॉइंट दोन आलं. त्याच्यावर माझी सही आहे." निरीक्षकाने कागद खाली ठेवले. "काका, मला तुमचं पटतंय. खरंच पटतंय. पण हे दाखल करून घेतलं तर काय होईल सांगतो. अर्थिंग वाईट होतं हे सिद्ध होणार नाही. तुम्ही खोटी नोंद केलीत, एवढं मात्र तुमच्याच अक्षरात सिद्ध होईल."

"आणि सुनेवरचा ठपका?"

"तो अहवाल बंद झालाय."

"दाखल करा," वायरमन म्हणाला.

निरीक्षक म्हणाला होता तसंच झालं, अक्षर न् अक्षर. खोट्या नोंदीबद्दल वायरमनला कामावरून काढलं. चौकशीत साहेबांनी सांगितलं की त्यांना आकडा तोंडी कळवला गेला होता, तो चार पॉइंट सहाच होता. पुढे त्यांची बदली मोठ्या इस्पितळात झाली. अहवालातला 'निष्काळजीपणा' जागच्या जागी राहिला. उलट लोक म्हणू लागले, सुनेवरचं किटाळ काढायला म्हाताऱ्याने काहीतरी बनवून सांगितलं. खड्डा कागदोपत्री ठीक होता, म्हणून तो कुणी उकरला नाही.

जबाबाचा निकाल लागला त्या दिवशी मुलाने आपले कपडे एका बॅगेत भरले. जाताना तो दारात थांबला. "तुम्ही लिहून दिलंत, हे मी विसरणार नाही," तो म्हणाला. "पण इथे राहवणार नाही मला. तुम्ही पाणी प्यायलात तरी मला ते आठवतं." वायरमनने मान हलवली. ट्रकच्या मालकाने मुलाला लांबच्या फेऱ्या दिल्या. सुरुवातीला महिन्यातून एकदा फोन यायचा. "बरे आहात ना?" "बरा आहे." मग दोघंही फोन धरून उभे राहायचे, आणि कुणीतरी ठेवून द्यायचं. पुढे दोन महिन्यांतून एकदा यायला लागला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एके दुपारी दारावर थाप पडली. मुकादमबाई होती. ती पहिल्यांदाच त्या घरी आली होती. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"दादा, दोन नंबरच्या यंत्राला नवा हीटर बसवला," ती म्हणाली. "आता झिणझिण्या येत नाहीत. सगळे म्हणतात, चांगलं आहे. पण एक नंबरचं कालपासून थोडं थोडं करंट मारतंय. तुम्ही खरं सांगा. मला गणित कळत नाही. धोका आहे की नाही, एवढंच सांगा."

"तिन्ही यंत्रं त्याच खड्ड्यावर आहेत," वायरमन म्हणाला. "हात लावू नका."

"हात लावू नका म्हणजे?"

"म्हणजे यंत्र चालवू नका. वर कळवा."

"कळवलं. नवा वायरमन आलाय, चांगला आहे बिचारा, त्याने रजिस्टर काढून दाखवलं. म्हणाला, निरीक्षकाची सही आहे, पाच पॉइंट दोन." तिने पदराने कपाळ पुसलं, थंडीचे दिवस असूनही. "यंत्र चालवलं नाही तर सहाशे चादरी कोण धुणार? वर माणसं पडलीत, दादा. ऑपरेशनं थांबतील. आणि आमच्या जागी दुसऱ्या येतील, त्यांना तर काहीच माहीत नसेल."

वायरमन उठला. कपाटातून त्याने रबरी हातमोजे काढले. जाड, कोपरापर्यंत येणारे, त्याच्या कामाचे. त्याने ते उजेडाकडे धरून कुठे चीर गेली आहे का ते तपासलं, बोट न् बोट दाबून बघितलं.

"हे घाला. ओले झाले तर आतून पुसून घ्या. आणि फळी टाका परत."

"फळी टाकलीच आहे." बाईने मोजे हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. "एकच जोड आहे?"

"एकच."

"आम्ही सहाजणी आहोत."

तिने मोजे घडी करून पिशवीत घातले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठली. तिची पाळी दोन वाजता सुरू व्हायची होती.